प्रेम एकीकडे, लग्न दुसरीकडे



'हल्लीच्या मुलांना प्रेम करताच येत नाही', हे वाक्य आता घरोघर ऐकू येतं. मोबाइलवर फोटो सरकवून माणूस निवडायचा, चार महिने फिरायचं, मग फोनच उचलायचा नाही. यावरून प्रेम संपलं, असा निष्कर्ष निघतो. सल्ला केंद्रात मुलींशी बोलताना मला मात्र वेगळंच दिसतं.

मुलगी शिकलेली, कमावती. दोन-तीन वर्षं एका मुलाबरोबर नातं. नात्याला नाव द्यायचं तो टाळतो. त्यासाठी 'सिच्युएशनशिप' हा शब्दही आता तयार आहे. एक दिवस तो सांगतो, 'घरचे ऐकणार नाहीत, स्थळ ठरलंय.' स्थळ अर्थातच जातीतलं. मैत्रीण निवडताना त्यानं जात विचारली नाही. बायको निवडताना तो आई-वडिलांच्या मागे जाऊन उभा राहतो. आणि लोक मुलीलाच विचारतात, 'तुला आधी कळलं नाही का?'

म्हणजे भेटण्याची साधनं बदलली, लग्नाचे नियम बदलले नाहीत. 2011-12 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्न केलेल्या स्त्रिया जेमतेम 5 टक्के होत्या. 1954 चा विशेष विवाह कायदा अजूनही 30 दिवसांची नोटीस लावायला सांगतो. आपल्या राज्यात डिसेंबर 2022 मध्ये आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती नेमली गेली. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात 2014 साली सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून 17 वर्षांच्या दलित मुलाला मारून टाकलं. 2017 मध्ये सत्र न्यायालयात आरोपी सुटले. इथे प्रेमाला घाबरण्याची कारणं खरी आहेत. पण ज्याच्या जिवावर बेततं त्याची भीती वेगळी आणि ज्याला हुंडा, मानपान, वाटणी सोडवत नाही त्याची 'मजबुरी' वेगळी. या दोन्ही गोष्टी एकाच मापानं मोजू नयेत.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 नुसार, पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवल्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. उघड फसवणुकीत हा आधार आहे. पण या भाषेत स्त्री फक्त 'फसलेली' असते आणि तिच्या इच्छेची भरपाई म्हणजे लग्न. माझ्यासमोर बसलेल्या अनेक मुलींना मुलगा तुरुंगात जायला नको असतो; अशा माणसाशी लग्नही नको असतं. त्यांना वेळेवर, तोंडावर दिलेलं खरं उत्तर हवं होतं.

जोडीदार निवडण्याचा हक्क स्त्री चळवळीनं मागितला. त्या हक्काला जबाबदारीची जोड हवी. लग्न करणार नसशील तर तसं आजच सांग, हे विचारणं म्हणजे गळ्यात पडणं नव्हे. आणि मुलीलाही लग्न नको असेल, तर तिनंही तसं मोकळेपणानं सांगावं. त्यात तिच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही.

एक काम आपल्या घरातलं आहे. मुलीला 'जपून राहा' म्हणताना मुलाला काय सांगतो आपण? आपला मुलगा कुणाला तीन वर्षं ताटकळत ठेवून आपण दाखवलेल्या स्थळाला होकार देत असेल, तर त्या ताटकळण्यात आपलाही हात आहे. या अंकाच्या निमित्तानं हा प्रश्न घरात विचारा आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला जरूर लिहा.