कारखान्याला भूखंड, कामगाराला अर्धा गुंठा

१७ मे २०२५ रोजी चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे असलेले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्यानंतर ही कारवाई झाली. नदीची जागा नदीलाच राहिली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु येथे भूखंड पाडले जात होते, पाया खोदला जात होता, भिंती चढत होत्या, तेव्हा शासनयंत्रणा कोठे होती, हा प्रश्न त्या ढिगाऱ्याखाली गाडला जाता कामा नये.

या शहरात घरांच्या प्रकारांची वाण नाही. चिंचवडगावातील जुने वाडे, फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांची पिंपरी कॅम्पातील वस्ती, संत तुकारामनगर व मोरवाडीतील म्हाडाच्या इमारती, निगडी प्राधिकरणातील बंगले, वाकड आणि पिंपळे सौदागरमधील उत्तुंग गृहसंकुले, आणि या सर्वांच्या मधल्या जागांत झोपडपट्ट्या व अर्ध्या गुंठ्यावरील घरे. शहराला सर्व थरांतील माणसे लागतात. म्हणून घरेही सर्व प्रकारची असणे हा दोष नव्हे. ज्याच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्याच्या ऐपतीचे घर मात्र नियोजनाबाहेर राहिले, हा खरा दोष आहे.

आरंभ असा नव्हता. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तेव्हा कारखान्यासोबत वसाहतही उभी राहिली. १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडांवर एकामागून एक कारखाने आले. वसाहती मात्र त्या वेगाने आल्या नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगारांना रास्त किमतीत घरे मिळावीत, हा त्याचा मूळ हेतू. प्रत्यक्षात शेतकऱ्याची जमीन संपादनाखाली गेली, साडेबारा टक्के परताव्यासाठी त्याला दशकानुदशके खेटे घालावे लागले, आणि कामगाराला घर मिळाले नाही. संपादनाच्या धास्तीने एकाने जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली. दुसऱ्याने साठवलेल्या पैशांत ती घेतली. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्याच्याही निम्म्यावर संसार उभे राहिले. २००१ मध्ये दहा लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झाले. मूळ प्रश्न तसाच राहिला.

त्यावर शासनाने योजलेले उपाय पाहावेत. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला. पुढे अनधिकृत घरांवर शास्तीकर बसला. २०१७ मध्ये बांधकामे नियमित करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली. २०२३ मध्ये शास्तीकर माफ झाला. आधी दुर्लक्ष, मग दंड आणि शेवटी माफी! कर माफ केल्याने गल्ली रुंद होत नाही, आणि प्रमाणपत्र मिळाल्याने आगीचा बंब दारापर्यंत पोहोचत नाही.

हीच चूक चाकण परिसरात पुन्हा गिरवली गेली. तेथे १९९९ मध्ये बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आले. मोटारींसाठी विस्तीर्ण प्रांगणे आखली गेली. त्या जोडणाऱ्या हातांसाठी काय आखले गेले? म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांत शेतकऱ्यांनी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या, हेच मराठवाडा, विदर्भ आणि परप्रांतांतून आलेल्या कंत्राटी कामगारांचे घर. एकाच खोलीत चौघे-पाचजण पाळीपाळीने झोपतात. अशा खोलीत बायकोमुलांना आणता येत नाही. कुटुंबापासून तुटलेला तरुण शहरात राहतो, पण शहराचा होत नाही. समाजाच्या दृष्टीने ही हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

बोऱ्हाडेवाडी व चऱ्होलीतील पंतप्रधान आवास योजनेची १,२८० घरे २०२३ मध्ये लाभार्थींना मिळाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु गरज त्याहून फार मोठी आहे, आणि कंत्राटी कामगाराला विकतच्या घराआधी रास्त भाड्याचे घर हवे आहे. म्हणून यापुढे कारखान्याचा भूखंड आणि कामगाराचे निवासक्षेत्र एकाच आराखड्यात, एकाच वेळी निश्चित झाले पाहिजे. गावकऱ्यांच्या खोल्यांना पाणी, मलनिस्सारण आणि अग्निसुरक्षेचे किमान निकष लावून साह्यही दिले पाहिजे. उद्योजकांनीही वसाहतीची जुनी परंपरा आठवावी. यंत्रासाठी छप्पर आधी आणि माणसासाठी मागाहून, हा क्रम बदलल्याशिवाय बुलडोझरचे काम संपणार नाही.