खिशात मावेल असे पिस्तूल

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या स्नेह्यांचा मुलगा सकाळीच घरी आला. त्याचे आजोबा परभणीकडून वकिलीसाठी काचीगुड्यास येऊन राहिले, वडिलांनी जन्मभर शिक्षकी केली आणि हा आता जमिनींच्या खरेदीविक्रीत आहे. चहा होईतो इकडचे तिकडचे बोलणे झाले, मग तो म्हणाला, "काका, एक लहानसं पिस्तूल घ्यावं म्हणतो. खिशात मावेल असं. रात्री-अपरात्री शहराबाहेरून एकट्यालाच परतावं लागतं. तुमच्याकडे पूर्वी रिव्हॉल्व्हर होतं म्हणून विचारायला आलो. कोणतं घ्यावं?" अमेरिकेत न्यू जर्सीला असलेल्या त्याच्या चुलतभावाने नुकतेच तसे एक घेतले आहे. त्याचे छायाचित्रही त्याने मला दाखविले.

त्याचा प्रश्न 'कोणते' असा होता; माझ्या मनात आधी 'कशासाठी' हा आला. त्याला जे सांगितले आणि जे सांगावयाचे राहून गेले, ते येथे लिहीत आहे. असे प्रश्न आपल्या इतरही घरांतून निघत असल्याचे कानांवर येते.

आपल्या शहराला हत्याराचे नावीन्य नाही. निजामाच्या फौजेत आलेल्या अरबांचा जंबिया आजही बारकसच्या लग्नांतून मिरवतो. सालारजंग संग्रहालयात शस्त्रांचे एक दालनच आहे. मराठवाड्यातील देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत ओसरीवर बंदूक टांगलेली असे, हे आपल्यापैकी पुष्कळांनी आजोळी पाहिले असेल. पण ही सारी दिसणारी हत्यारे. पाहुण्याच्या ती नजरेस पडत, चोराला त्यांची वार्ता असे आणि घरातल्या पोरांना त्यांचा धाक असे. खिशातल्या पिस्तुलाचे तसे नाही. ते कोणाच्या दृष्टीस पडू नये हाच त्याचा गुण समजला जातो.

हा गुण कामी येतो तो कोणाच्या? २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या हाती अशी वीस पिस्तुले धाडली होती. ३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडशाने गांधीजींवर रोखलेले बेरेटाही आकाराने लहानच, आणि ते मिळविले होते ग्वाल्हेरातून, म्हणजे आपल्यासारख्याच एका जुन्या संस्थानी शहरातून. पुढे त्याची झळ महाराष्ट्रातील किती निरपराध घरांना लागली, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेले आहे. या दोन कृत्यांची मी तुलना करीत नाही. एक परक्या सत्तेच्या अधिकाऱ्यावर झाले, दुसरे राष्ट्रपित्यावर. दाखवावयाचे ते इतकेच, की दोन्ही ठिकाणी वेळ, जागा आणि अंतर ही तिन्ही मारणाऱ्याने निवडलेली होती.

आता दुसरी बाजू पाहा, तीही आपल्याच मोहल्ल्यातील. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्लाखान रात्री काम आटोपून घरी परतत असता काचीगुड्यातच मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. रझाकारांविरुद्ध लिहिल्याची शिक्षा म्हणून त्यांना ठार करण्यात आले आणि लिहिणारा हातही तोडण्यात आला. अशा वेळी माणसाला खिशात हात घालण्यास किती क्षण मिळतात? लपविलेले हत्यार ही घाला घालणाराची सोय आहे. ज्याच्यावर घाला पडतो त्याच्या ती क्वचितच उपयोगी पडते. स्नेह्यांच्या मुलाला मी हेच प्रथम सांगितले. तो म्हणाला, "काका, काहीच नसण्यापेक्षा बरं ना?" हा प्रश्न मात्र झटकून टाकण्याजोगा नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. शेतीवाडीच्या किंवा जिवाच्या रक्षणासाठी लांब नळीची साधी बंदूक मागणाऱ्याकडे तो काहीशा सैल नजरेने पाहतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याने मात्र सबळ कारण दाखवावे लागते आणि ते अधिकाऱ्यास पटावे लागते. हैदराबाद शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे. अर्जदाराचे वय एकवीस पूर्ण हवे. २०१६ च्या नियमांनी प्रकृतीचा दाखला, हत्यार हाताळण्याचे शिक्षण आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची हमी या गोष्टी आवश्यक केल्या. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असेही अधिनियमात स्पष्ट आहे. परवाना म्हणजे घराण्याच्या प्रतिष्ठेची सनद, अशी जी समजूत आपल्या जुन्या घरांतून अजून आहे, तिला या कलमाने केव्हाच रजा दिली.

त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. सार्वजनिक जागी हत्यार न्यावयाचे तर ते पूर्ण झाकलेले असावे, अंगाशी बांधलेल्या चामडी पाकिटात किंवा तशाच पिशवीत असावे, आणि नेणाराचा त्यावर पुरता ताबा असावा. म्हणजे झाकून नेणे ही आपल्याकडे हौस नसून सक्ती आहे. मिरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने वरातीत किंवा समारंभात हवेत बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात, ते निराळेच.

न्यू जर्सीच्या चुलतभावाची गोष्ट वेगळी. तेथेही 'सबळ गरज' दाखविल्यावाचून पिस्तूल अंगावर बाळगता येत नसे. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका खटल्यात तशी अट घटनाबाह्य ठरविली आणि शेजारच्या न्यू जर्सीलाही ती सोडावी लागली. तरीसुद्धा तेथे शिक्षणाची सक्ती आहे आणि मॅगझीनमध्ये दहांहून अधिक गोळ्या चालत नाहीत. म्हणून तेथील माणूस दहा गोळ्यांचे लहानसे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल निवडतो. आपल्याकडे नऊ मिलिमीटर हे माप सैन्य-पोलिसांसाठी राखलेले असल्याने सामान्य नागरिकास ते मिळत नाही. परदेशी हत्यारांची व्यापारी आयातही १९८० च्या दशकापासून बंद आहे. तेव्हा चुलतभावाचे छायाचित्र पाहून येथे निवड करणे व्यर्थ.

येथे मिळते ते प्रामुख्याने .३२ बोअरचे, सरकारी कारखान्यांनी बनविलेले. त्यांची नावे वाचण्यासारखी आहेत. दिल्लीच्या २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, स्त्रियांना बाळगता यावे म्हणून, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' काढले. सहा गोळ्यांचे, सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे. तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. ज्या मुलीबाळींच्या नावे ते निघाले त्यांच्यापैकी किती जणींना ती परवडली असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. .२२ बोअरचे 'निडर' त्याच्या निम्म्या वजनाचे. पिस्तुलाचे नाव 'अशनी', म्हणजे वज्र. २०२३ मध्ये कानपूरहूनच 'प्रबल' आले. निर्भीक, निडर, प्रबल! भय वाटते म्हणून माणूस घ्यावयास जातो आणि दुकानात त्याला निर्भयतेचे नाव विकत मिळते. नावाने भय जाते असे मात्र कोणी समजू नये.

आणि लहान आकाराचा मोह? ज्यांना नेमबाजी ठाऊक आहे ते सांगतील, की नळी आखूड झाली की नेम धरण्याच्या पुढच्या व मागच्या खुणांतील अंतर कमी होते आणि हाताची किंचित चूकही निशाणावर मोठी होऊन पडते. वजन कमी, तितका झटका अधिक. मूठ लहान, तितकी पकड अपुरी. म्हणजे जे हत्यार बाळगण्यास सर्वांत सोपे, ते चालविण्यास सर्वांत अवघड. घाबरलेल्या हाताने, अंधारात, ते नीट चालवावयाचे तर वर्षानुवर्षे सराव हवा. आपल्यापैकी किती परवानेदार वर्षातून एकदा तरी सराव करतात? शिवाय रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस आणि पिस्तुलाचे .३२ काडतूस ही दोन वेगळी आहेत, हेसुद्धा पुष्कळांना दुकानात गेल्यावर कळते.

आता 'काहीच नसण्यापेक्षा बरं' याचे उत्तर. या बाजूने बोलणारे काही वेडगळ नव्हेत. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी आपल्या लोकांच्या हातातील शस्त्रे काढून घेतली आणि युरोपियनांना मोकळीक ठेवली. तो अपमान राष्ट्रीय चळवळीने कधी विसरला नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातलेला होता. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती सुचविली. ती मान्य झाली नाही, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्याच्या तीनच महिने आधी आपले संस्थान रझाकारांच्या अमलाखालून सुटले होते. खासगी हातांत शस्त्रे गेली म्हणजे दुबळ्यांचे काय होते, याचा मराठवाड्यातील खेड्यापाड्यांनी ताजा अनुभव घेतला होता. घटनेने नागरिकास एकत्र जमण्याचा हक्क दिला तोही 'शांततेने व विनाशस्त्र' असा. मला तो निर्णय तेव्हाही योग्य होता आणि आजही योग्य आहे असे वाटते. ज्यांच्या जिवावर खरोखर कोणी उठले आहे त्यांच्यासाठी परवान्याची वाट मोकळी आहे, आणि असावीही. पण रात्री रस्ता निर्मनुष्य असतो ही गरज नव्हे, ती काळजी आहे. तिच्यावर सोबत, वेळ बदलणे, रोकड जवळ न ठेवणे आणि धमकी आल्यास लेखी तक्रार नोंदविणे हे उपाय आधीचे आहेत.

एक गोष्ट स्वतःच्या घरची सांगतो. माझ्या वडिलांचे रिव्हॉल्व्हर कपाटात शालींच्या घडीखाली असे आणि किल्ली देव्हाऱ्यामागे. ही गोष्ट गुप्त आहे असे वडिलांना वाटत होते. आम्हां चारही भावंडांना ती ठाऊक होती. एकदा दुपारी थोरल्या भावाने ते काढून माझ्या हातात दिले. मी सात वर्षांचा होतो. त्यात गोळ्या नव्हत्या, पण हे आम्हांला ठाऊक नव्हते. काही झाले नाही, म्हणून आज हे लिहिता येते. आणि पोरांचेच कशाला? मोठ्या माणसाच्याही आयुष्यात मन काळवंडून जाण्याचे दिवस येतात. तसा दिवस एरवी टळतो. हाताशी भरलेले हत्यार असले तर टळेलच असे नाही. खिशातल्या पिस्तुलाचा धोका रस्त्यापेक्षा घरातच अधिक, असे माझे मत झाले आहे ते यामुळे.

तरीही कोणास घेणे प्राप्तच असेल, तर माझे सांगणे असे. सर्वांत लहान ते घेऊ नये. हातात नीट बसेल असे, साध्या रचनेचे रिव्हॉल्व्हर घ्यावे. ते घरी लोखंडी पेटीत कुलूपबंद असावे आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात. पत्नीस त्याची पूर्ण कल्पना असावी. जे घरच्यांपासूनही लपवावे लागते ते घरात आणू नये. सराव नेमाने करावा. तो जमणार नसेल तर परवान्याचा अर्जच करू नये.

आणि ज्या घरांत आजोबांचे रिव्हॉल्व्हर अजून ट्रंकेत पडून आहे त्यांनी आजच कागद काढून पाहावेत. परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. धनी गेल्यावर ते तसेच ठेवणे हा गुन्हा आहे. वारसास स्वतःच्या नावे परवाना मागता येतो; धनी हयात असतानाही, त्यांची सत्तरी झाली किंवा हत्यार त्यांच्याकडे पंचवीस वर्षे राहिले तर, नियमांत तशी सोय आहे. नको असेल तर ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वडिलांच्या पश्चात आम्ही तेच केले. आईने ती पावती पुष्कळ दिवस देव्हाऱ्यामागे, जेथे पूर्वी किल्ली असे, तेथेच ठेवली होती.

स्नेह्यांचा मुलगा अर्ध्या तासाने उठला. अर्ज करणार की नाही हे तो बोलला नाही आणि मीही विचारले नाही. जाताना त्याने एवढेच विचारले, की त्या दुपारी तुमच्या भावाने चाप ओढला होता का. ओढला होता, असे मी त्यास सांगितले.