बोली एकाची, खेळाडू दुसऱ्याचा


बड्या खेळाडूंवर बोली लावायला संघ कचरतात, हे याआधीच्या एका पत्रलेखकाचे निरीक्षण खरे. पण त्याला भित्रेपणा म्हणणे पटले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला झालेल्या आयपीएल लिलावात नमन धीरसाठी भाव चढवला राजस्थानने, आणि ‘राइट टू मॅच’ (जुन्या संघाला दुसऱ्याच्या बोलीइतकी रक्कम देऊन खेळाडू राखण्याचा हक्क) वापरून ५.२५ कोटींत त्याला राखले मुंबई इंडियन्सने. राजस्थानच्या पदरी काय? लष्करच्या भाकऱ्या! दिल्लीने हाच हक्क वापरू पाहिल्यावर ऋषभ पंतसाठी लखनौने २०.७५ वरून थेट २७ कोटी गाठले, तेव्हा कुठे दिल्ली मागे हटली. अमेरिकी फुटबॉलमध्ये २०२३ साली लमार जॅक्सनबाबत असाच हक्क त्याच्या बाल्टिमोर संघाकडे होता; शिवाय त्याला घेणाऱ्याला पैशांखेरीज ड्राफ्टमधील पहिल्या फेरीच्या दोन निवडीही बाल्टिमोरला द्याव्या लागल्या असत्या. तिकडे कुणी फिरकले नाही, यात नवल ते काय? असले नियम आधी रद्द करा.

– एक क्रीडाप्रेमी, पावस (जि. रत्नागिरी)