प्राणी सहज दिसतात, तेव्हा

मलेशियाच्या साबाह राज्यात, किनाबातांगान नदीकाठच्या सुकाऊ गावातून दुपार कलली की पर्यटकांच्या होड्या सुटतात. तासाभरात कॅमेऱ्यांना उसंत राहत नाही. लोंबत्या नाकाचा थोराड नर आपला कबिला घेऊन नदीवर झुकलेल्या झाडावर रात्रीच्या मुक्कामाला आलेला असतो. प्रोबॉसिस माकडांची ही जात बोर्निओ बेटाबाहेर रानात कुठेच आढळत नाही. पुढच्या वळणावर धनेशाची जोडी पंखांचा घोष करत नदी ओलांडते, चिखलात मगर पसरलेली असते आणि नशीब जोरावर असेल तर काठच्या गवतात बुटक्या हत्तींचा कळप चरताना सापडतो. रात्री लॉजच्या जेवणघरात काय काय दिसलं त्याची उजळणी होते. पैसे वसूल झालेले असतात.

याच राज्यातल्या दानुम खोऱ्यात मुक्कामाला गेलेल्यांची गोष्ट वेगळी. पहाटे गिबनांची हाळी ऐकू येते, गिबन दिसत नाहीत. जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंत कापडी मोजे बांधून सकाळभर चालावं, तर हाती लागतं ते मातीत उमटलेलं खूर आणि चाळीस मीटर उंचीवर हललेली फांदी. ओरांगउटान दिसेलच याची खात्री कुणी देत नाही. सुकाऊच्या कितीतरी पट पैसे मोजून आलेला पाहुणा मग गाइडकडे जरा नाराजीनेच बघू लागतो.

दिसलेल्या प्राण्यांवर गुण द्यायचे तर सुकाऊ पहिलं आणि दानुम नापास. जंगलाची तब्येत पाहिली तर निकाल नेमका उलटा लागतो.

दानुमचं 438 चौरस किलोमीटरचं राखीव जंगल लाकूडतोडीच्या कुऱ्हाडीतून सुटलेलं आहे. भोवतालच्या जंगलात ठेकेदारीची तोड झाली, हा गाभा मात्र शाबूत राहिला. 1986 मध्ये इथे संशोधन केंद्र उभं राहिलं, 1994 मध्ये पर्यटकांसाठी लॉज झाला आणि पुढच्याच वर्षी या खोऱ्याला सर्वांत कडक श्रेणीचं कायदेशीर संरक्षण मिळालं. इथल्या एका पिवळ्या मेरांटीची उंची 2019 मध्ये उंडिंग जामी या स्थानिक वृक्षारोहकाने शेंड्यापर्यंत चढून, फीत सोडून मोजली. ती भरली 100.8 मीटर, म्हणजे मुंबईच्या राजाबाई टॉवरपेक्षा पंधरा मीटरने जास्त. एवढ्या उंचीच्या जंगलात बहुतेक प्राण्यांचा संसार वरच्या मजल्यावर चालतो. जमिनीवरून चालणाऱ्याला त्याचा पत्ता लागला नाही, तर त्यात दोष ना गाइडचा ना जंगलाचा.

दुसरं कारण अन्नाचं. मेरांटीच्या कुळातली झाडं दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या खंडानंतर, बहुधा एल निनोच्या सुमारास, ती एकदम बहरतात. मधल्या काळात फळांची चणचण असते. त्यामुळे ओरांगउटानासारखा अवजड प्राणी कळप करत नाही. एकेकटा, फार तर पिल्लाला पोटाशी धरून, लांब लांब फिरतो. अशा दिवसांत आधार असतो तो वड-उंबराच्या कुळातल्या झाडांचा, कारण त्यांतलं एखादं ना एखादं कधीही पिकलेलं असतं. म्हणून चांगला गाइड प्राण्यामागे धावत नाही. कुठलं झाड सध्या पिकलंय हे तो डोक्यात ठेवतो आणि पाहुण्यांना त्याच्या बुंध्याशी नेऊन बसवतो. मधे एखाद्या फांदीवर पानांची मोळी दाखवतो: ओरांगउटान रोज संध्याकाळी कोवळ्या फांद्या वाकवून नवी शेज रचतो. पानं हिरवीगार असतील तर ती कालपरवाची, तपकिरी पडली असतील तर जुनी. संशोधकसुद्धा बहुतेक वेळा ओरांगउटान मोजत नाहीत, या शेजा मोजून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधतात.

किनाबातांगानला प्राणी इतके सहज का दिसतात? प्रोबॉसिस माकडं मुळातच झोपायला नदीकाठी येतात, हे खरं. पण बाकीची गर्दी ही बऱ्याच अंशी जागा आकसल्यामुळे झाली आहे. आधी लाकूडतोड आणि मागोमाग पामतेलाची लागवड यांनी नदीच्या पूररेषेपर्यंत रान खाल्लं. 2005 मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते सुमारे 26 हजार हेक्टरांचं, तेही दहा तुकड्यांत. काही ठिकाणी होडीतून दिसणाऱ्या झाडांच्या रांगेमागे थोडं चाललं की पामच्या ओळी सुरू होतात. हत्तींना, माकडांना, ओरांगउटानांना जायला दुसरीकडे वाव नाही. ओरांगउटानाला पोहता येत नाही आणि ओढ्यावर दोन्ही काठांना जोडणारी मोठी झाडं उरली नाहीत, म्हणून संवर्धकांना तिथे दोरांचे आणि अग्निशमनाच्या जुन्या नळ्यांचे झुलते पूल बांधावे लागले. पर्यटकाला जी मेजवानी वाटते ती जंगलाची अडचण आहे.

मग सुकाऊला जाऊच नये का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. नदीकाठचा तो पट्टा टिकून आहे त्यात पर्यटनाचा मोठा वाटा आहे. सुकाऊला नदीवर मोठा पूल बांधायचा बेत 2017 मध्ये रद्द झाला, तो संशोधक, लॉजचालक आणि पर्यावरणवाद्यांनी आवाज उठवल्यामुळे. डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनीही जाहीर विरोध केला होता. त्याहून बोलकं उदाहरण बातू पुतेह गावाचं. तिथल्या ओरांग सुंगाय लोकांची ‘कोपेल’ नावाची सहकारी संस्था आहे. पाहुणे गावातल्या घरांत पाळीपाळीने वाटून दिले जातात, होडी गावातल्यांची, गाइड गावातला, आणि उजाड पडलेल्या नदीकाठावर रोपं लावण्याचं कामही हीच मंडळी करतात. ओरांगउटान हमखास बघायचाच असेल त्यांच्यासाठी 1964 पासून चालणारं सेपिलोकचं पुनर्वसन केंद्र आहे. अनाथ पिल्लांना तिथे पुन्हा रानात राहायला शिकवतात आणि सकाळी दहा व दुपारी तीन वाजता मचाणावर फळं ठेवतात. तिन्ही जागांचं काम वेगळं आहे, आणि तिन्हींना ‘किती दिसलं’ हा एकच गज लावता येत नाही.

मराठी वाचकाचा या नदीशी संबंध त्याला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश भारत, आणि पुरवठादारांत इंडोनेशिया-मलेशिया आघाडीवर. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ वाटला, त्यात रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर लिटरभर पामतेलच होतं. ते किनाबातांगानचंच असेल असं नव्हे. पण फरसाणापासून बिस्किटांपर्यंत पसरलेल्या या स्वस्त तेलाच्या मागणीवरच तिथल्या पामच्या ओळी उभ्या आहेत, हे होडीत बसताना माहीत असलेलं बरं.

‘दिसलंच पाहिजे’ या हट्टाचं काय होतं ते पाहायला बोर्निओला जाण्याचीही गरज नाही. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी ‘एफ-टू’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. कारवाई योग्यच. पण वाघ दिसला तर खुशीने बक्षिसी आणि नाही दिसला तर तोंड वाकडं, हा हिशेब गाडीत मागे बसलेल्यांनी ठरवलेला असतो, आणि त्यांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही.

आंबोलीत पावसाळ्याच्या रात्री विजेऱ्या घेऊन निघणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ही चांगली गोष्ट. जांभ्याच्या सड्यावर राहणारा, 2009 मध्ये शास्त्राला नव्याने कळलेला आंबोली टोड, मलबारी चापडा, हवेत तरंगत उतरणारा मलबारी बेडूक यांच्यासाठी लोक भिजायला तयार होतात, हे सह्याद्रीच्या भल्याचंच आहे. पण फोटोसाठी बेडूक उचलून ‘छान’ पानावर ठेवला, सापाला काठीने हवं तसं वळवलं, की उमरेडच्या जिप्सीचीच ही छोटी आवृत्ती होते. बेडूक तक्रार करत नाही आणि त्याची चित्रफीतही कुणी फिरवत नाही.

म्हणून जंगलात मुक्काम ठरवताना एजंटाला विचारायचे प्रश्न बदलायला हवेत. ‘नक्की दिसेल ना?’ याऐवजी विचारावं की गाइड कुठल्या गावचा, त्याला पगार मिळतो की नुसत्या बक्षिसीवर भागवावं लागतं, लॉजच्या उत्पन्नातून गावाला आणि रानाला काय जातं, आसपासची जमीन विकत घेऊन किंवा झाडं लावून जंगल थोडं तरी रुंद झालं का. वन विभागालाही यात करण्यासारखं आहे. गाइडच्या परीक्षेत वाघाच्या खुणांइतकेच गुण झाडांच्या आणि किड्यामुंग्यांच्या ओळखीला द्यावेत, आणि सफारीनंतर पाहुण्यांकडून भरून घ्यायच्या अभिप्रायात ‘वाघ दिसला का’ असा रकानाच ठेवू नये. त्याऐवजी गाडी प्राण्यापासून किती अंतरावर थांबली हे विचारावं आणि ती उत्तरं दर महिन्याला प्रवेशद्वारावरच्या फलकावर लावावीत.