उतारा तालुक्यातच हवा

मृग बरसला की नांदेड-लातूरच्या ग्रामीण रुग्णालयांत एका नेहमीच्या दुखण्याचा हंगाम सुरू होतो. पेरणीला गेलेला गडी, सोयाबीन खुरपणारी बाई, गंजीतून कडबा ओढणारे पोर, नाहीतर दिवसभर राबून घरातच भुईवर आडवा झालेला माणूस. ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, एवढेच सांगत चौघे जण त्याला जीपमधून उतरवतात. त्याआधीचा तास मारुतीच्या पारावर गेलेला असतो. कडुनिंबाचा पाला चघळायला दिलेला असतो, दंडाला दोरी करकचून आवळलेली असते. डॉक्टरची गाठ पडते तेव्हा बराच मोलाचा वेळ हातचा गेलेला असतो, आणि पुष्कळदा तिथेही ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ एवढाच सल्ला मिळतो.

सर्पदंशाने देशात किती माणसे मरतात, याचा भरवशाचा अंदाज आपल्याकडे फार उशिरा आला. घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’तून २०२० साली जो हिशेब पुढे आला, तो कुणालाही हादरवणारा होता. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे सरासरीने वर्षाला ५८ हजार. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुलांचे. यातले बहुतेक जण खेड्यात, घरी किंवा घराच्या आसपास गेले. रुग्णालयाच्या वहीत त्यांची नोंदच नाही. नोंद नसलेल्या मृत्यूसाठी औषधाची मागणी कोण करणार आणि संशोधनाला पैसा कोण देणार? जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घेतले, तेही २०१७ मध्ये.

अशा विषयावर मराठवाड्यातून झालेले एक मोलाचे काम डोंगराळ भागातल्या एका तालुक्याच्या गावी झाले. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाचे रुग्ण वर्षानुवर्षे तपासले, वाचवले आणि मुख्य म्हणजे त्यांची टिपणे ठेवली. ग्रामीण महाराष्ट्रातील सर्पदंशाच्या उपचारांचा दहा वर्षांचा अनुभव मांडणारा त्यांचा लेख २००५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त छापून आला. मोठी प्रयोगशाळा पाठीशी नसताना, ओपीडीची रांग उपसून झाल्यावर कोणी असे लिहीत बसते, तेव्हा त्या लिखाणाला आम्ही संशोधनाच्या पहिल्या पंगतीत बसवतो. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडच्या परिसरात विंचूदंशाबाबत हेच करत होते. विंचू चावलेली लेकरे फुप्फुसात पाणी भरून मरत. त्यांच्या नाडीची आणि रक्तदाबाची तासातासाची नोंद ठेवत त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवला. १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ने त्यांच्या लिखाणाची दखल घेतली, २०११ मध्ये त्यांची चाचणी ‘बीएमजे’त आली आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या आजाराचे उत्तर खेड्यातल्या खाटेशेजारी सापडू शकते, हे या दोघांनी करून दाखवले. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हा वारसा आता आपला मानायला हवा.

जगात या विषयाला सध्या भरती आली आहे. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायचे, ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची रीत आजही चालू आहे. ती बदलू पाहणारे बरेच काही गेल्या दोन-तीन वर्षांत पुढे आले. नोबेल मिळवलेल्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर रचलेल्या प्रथिनांनी नागाच्या जातकुळीतल्या विषाला उंदरांमध्ये रोखले. स्वतःला वर्षानुवर्षे सापाचे विष टोचून घेतलेल्या टिम फ्रीडी या अमेरिकी माणसाच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांवर आधारलेले मिश्रण मे २०२५ मध्ये ‘सेल’मध्ये प्रसिद्ध झाले. एकोणीसपैकी तेरा जातींच्या विषापासून त्याने उंदरांना पूर्ण वाचवले. बातम्या आनंदाच्या आहेत; पण ते मिश्रण नाग-मण्यारांच्या कुळासाठी आहे. घोणस आणि फुरशापुढे ते अजून उपयोगाचे नाही, आणि आपल्या शेतात माणसाला गाठणाऱ्या सापांत हे दोन्ही आहेत. तोंडावाटे देता येईल अशा व्हॅरेस्प्लाडिब या औषधाची चाचणी भारतात आणि अमेरिकेत झाली. तिचे मुख्य उद्दिष्ट साधले नाही. लवकर औषध मिळालेल्यांत फायद्याची चिन्हे दिसली, इतकेच.

नांदेड-लातूरच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. कार्तिक सुनगर यांचा गट करतो आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. ३४ ठिकाणांहून आणलेल्या ११५ घोणसांच्या विषाचा त्यांचा अभ्यास २०२५ मध्ये आला. ऊन-पावसाचे मान बदलते तसे विषाचे घटकही काही प्रमाणात बदलतात, असे त्यातून दिसले. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. ती बनवायला लागणारे विष मात्र मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. तिकडच्या घोणशीच्या विषावर बेतलेली लस कंधार-मुखेडच्या घोणशीवर किती लागू पडते, अहमदपूर-जळकोटच्या फुरशावर किती कुप्या जास्त लागतात, हे प्रश्न कुणीतरी इथेच बसून सोडवायला हवेत. मुंबईत हाफकिनसारखी शतक ओलांडलेली संस्था आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. विष गोळा करायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. पण त्यासाठी अर्ज करणारा तरी कोणी हवा. पदव्युत्तर पदवीसाठी प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. त्यातले दरवर्षी दोन-चार जरी या विषयाला लावले, तरी पाच वर्षांत मराठवाड्याच्या सर्पदंशाचे चित्र हाती येईल.

तोवर लोक मरत राहावेत असे नाही, कारण जीव वाचवायला पुरेल इतके ज्ञान आजही आहे. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल, तर काचेच्या नव्या, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे नळी न हलवता ठेवायची. मग एकदा तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले आहे आणि लस लगेच हवी. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही. दोन्हींत रक्त गोठायला वेळ लागतो आणि निदान फसते. एवढी ही चाचणी, वीज नसली तरी होणारी. मण्यारीचे मात्र उलटे आहे. ती रात्री झोपलेल्याला चावते. सूज नाही, वेदना नाही, कधी व्रणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो, मग पापण्या उचलेनाशा होतात. पोटदुखीचे इंजेक्शन देऊन रुग्णाला घरी पाठवले, तर दुपारपर्यंत त्याचा श्वास थांबतो. तो निपचित दिसतो, तरी त्याला आजूबाजूचे रडणे ऐकू येत असते. अशा वेळी हाताने दाबायची श्वासाची पिशवी व्हेंटिलेटर मिळेपर्यंत त्याला जगवते. पावसाळ्यात भुईवर झोपलेल्याची पहाटेची पोटदुखी म्हणजे मण्यार, असे धरूनच त्याला तपासायला हवे.

हे सगळे प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. तिथले तरुण डॉक्टर लस द्यायला कचरतात, कारण लसीची उलटी प्रतिक्रिया आली तर काय, आणि नातेवाईक अंगावर आले तर काय. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पहिलीला उत्तर आहे: ॲड्रेनॅलिन भरून शेजारी ठेवलेली सिरिंज आणि ती वापरण्याचा सराव. दुसरीला उत्तर सरकारने द्यायचे आहे, त्या डॉक्टरच्या पाठीशी उभे राहून. पालघर जिल्ह्यातल्या डहाणूत डॉ. राहुल गजभिये आणि मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आशाताई आणि गावचे भगत यांना एकत्र घेऊन असे काम उभे केले आहे. भगताला हिणवून हाकलण्यापेक्षा रुग्ण लवकर पाठवायला त्याला शिकवणे शहाणपणाचे आहे, हे तिथे उमगले. मुखेड, किनवट, निलंग्यात ते का होऊ नये?

न केल्याची किंमत आपण पाहिली आहे. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बालके होती. मोठ्या माणसांच्या मृत्यूंच्या कारणांत तेव्हा सर्पदंशाचाही उल्लेख झाला होता, आणि आसपासच्या सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत एवढे मोठे रुग्णालय हेच, असे प्रशासनाने सांगितले होते. किनवट-माहूरचा रुग्ण तर शंभराहून अधिक किलोमीटरवरून येतो. विष चढलेल्या माणसाला एवढ्या रस्त्यावर लसीशिवाय पाठवणे म्हणजे त्याला नशिबावर सोडणे आहे. पहिल्या आठ-दहा कुप्या तालुक्यात, नंतरचा प्रवास १०८च्या गाडीत, असाच क्रम हवा. शेतकरी गेल्यावर गोपीनाथ मुंडे योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. पण त्याच पैशाचा लहानसा वाटा आधी खर्चला असता, तर तो कर्ता माणूस घरात राहिला असता, ही सल आम्हाला सोडत नाही.

केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. निम्मे करायचे तर आधी पूर्ण किती ते कळायला हवे. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक आरोग्य केंद्राने, ग्रामीण रुग्णालयाने आणि खासगी दवाखान्याने गाव, वेळ, सापाचा अंदाज, लस कधी दिली आणि किती दिली, रुग्णाचे पुढे काय झाले, एवढ्या पाच गोष्टी यंदापासून लिहाव्यात. जिल्हा नियोजन समितीने लस, काचेच्या नळ्या आणि श्वासाच्या पिशव्यांसाठी वेगळी तरतूद करावी. आणि जून ते ऑक्टोबर या काळाची गावनिहाय आकडेवारी दिवाळीनंतरच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांनी पटलावर ठेवावी.