कॅमेऱ्याची अदलाबदल

बालमित्रांनो, आज तुम्हाला माझा एक पेच सांगते. पेच माझा खरा, पण तो सोडवायला बसले आणि माझ्या वर्गातल्या एका चौथीच्या मुलाने मला भलताच धडा शिकवला. आई-बाबा शेजारी बसून वाचत असतील तर त्यांनीही ऐकावं, कारण शेवटी त्यांच्याही कामाचं काहीतरी आहे.

माझा एक मामेभाऊ पुण्याला असतो. त्याला फोटोंचं भारी वेड. २०२३ साली पेंटॅक्स कंपनीने 'के-३ मार्क थ्री मोनोक्रोम' नावाचा कॅमेरा काढला, तो त्याने हौसेने घेतला. मोनोक्रोम म्हणजे एकरंगी. आपण ज्याला कृष्णधवल किंवा ब्लॅक अँड व्हाइट म्हणतो ना, तेच. कॅमेरा अगदी नवा, डिजिटल, पण त्यातून रंगीत फोटो निघत नाही. कोणतंही बटण दाबा, काही केल्या निघत नाही! पुढे घरात तान्ही मुलगी आली, आणि तिच्या झबल्या-टोपड्यांचे फोटो त्याला रंगीत हवेसे वाटू लागले. दिवाळीत तो मला म्हणाला, "ताई, तुझा रंगीत कॅमेरा मला दे, वर थोडे पैसे दे आणि हा घेऊन जा. तुला काळे-पांढरे फोटो आवडतात ना? संक्रांतीपर्यंत सांग."

आवडतात, हे अगदी खरं. माझ्या वडिलांकडे पेंटॅक्सचाच 'के-१०००' होता. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो कॅमेरा निघत होता. साधा, दणकट, फिल्मचा रोल घालायचा. वडील रविवारी आमच्या मोरीचं दार लावून, फटींना चादरी कोंबून आत फोटो धुवायचे. आत फक्त लाल दिवा. कृष्णधवल फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसतच नाही म्हणे, म्हणून तो चालतो. मी बादलीवर बसून बघायची. पांढऱ्या कोऱ्या कागदावर पाण्यातून आजीचा चेहरा हळूहळू वर येताना बघितला, तेव्हापासून मला ते वेड लागलं.

आणि गंमत ऐका. त्या जुन्या कॅमेऱ्याची भिंग, म्हणजे लेन्स, भावाच्या नव्या कॅमेऱ्यावर बरोबर बसते! पेंटॅक्सने लेन्स अडकवायची ती खाच १९७५ मध्ये ठरवली आणि आजही तीच ठेवली आहे. माझ्या रंगीत कॅमेऱ्यावर मात्र ती बसत नाही. आता सांगा, मी मोहात पडणार नाही तर काय?

पण आता तुम्ही म्हणाल, "बाई, कोणत्याही मोबाइलमध्ये काळा-पांढरा फोटो काढता येतो. त्यासाठी वेगळा कॅमेरा कशाला?" माझ्या वर्गातही पहिला प्रश्न हाच आला. प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी कॅमेऱ्याच्या पोटात शिरावं लागेल.

समजा, पावसात अंगणभर छोट्या छोट्या वाट्या मांडून ठेवल्या. कुठल्या वाटीत किती पाणी साठलं यावरून कुठे जास्त पाऊस पडला ते कळेल. डिजिटल कॅमेऱ्यातही अशाच वाट्या असतात, पण अतिशय बारीक, आणि त्यांत साठतो तो प्रकाश. भावाच्या कॅमेऱ्यात अशा सुमारे अडीच कोटी वाट्या आहेत. प्रकाश किती पडला एवढंच वाटीला कळतं. तो लाल होता की निळा हे तिला कळत नाही. म्हणजे मुळात प्रत्येक डिजिटल कॅमेरा रंगांच्या बाबतीत आंधळाच, बरं का! १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी हातात धरता येणारा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याचे फोटो काळे-पांढरेच होते. सगळ्या मिळून दहा हजार वाट्या, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला लागायचे २३ सेकंद.

मग रंग कसे येतात? त्याच कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी युक्ती काढली. तिचं पेटंट त्यांना १९७६ मध्ये मिळालं. प्रत्येक वाटीवर एक रंगीत पारदर्शक झाकण ठेवायचं. निम्म्या वाट्यांवर हिरवं, पाव वाट्यांवर लाल आणि पाव वाट्यांवर निळं. लाल झाकणाच्या वाटीत लाल प्रकाशच उतरणार. पण त्या जागी हिरवा किती आणि निळा किती होता हे तिला कसं समजणार? ती शेजारच्या वाट्यांकडे बघते आणि अंदाज बांधते. परीक्षेत एकच गणित आलेल्या मुलाने उरलेली दोन शेजाऱ्यांच्या वहीतून उतरवावीत, तसं! तुमच्या घरातला जवळपास प्रत्येक रंगीत फोटो असा दोन तृतीयांश अंदाजाचा असतो. अंदाज इतका चांगला असतो की आपल्याला पत्ताही लागत नाही.

मोनोक्रोम कॅमेऱ्यात ही झाकणं नसतात. बस्स, एवढाच फरक. पण त्यामुळे प्रत्येक वाटीत सगळा प्रकाश उतरतो आणि कोणाच्या वहीत डोकवावं लागत नाही. केसांच्या बारीक बटा, भिंतीचे पोपडे, सुती साडीची वीण जास्त स्वच्छ उमटते. अंधारात तर जास्तच फायदा. कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची ताकद ज्या आकड्याने सांगतात तो आयएसओ या कॅमेऱ्याच्या रंगीत जुळ्या भावात १०० पासून सुरू होतो, ह्याच्यात २०० पासून. लायका या जर्मन कंपनीने २०१२ मध्ये असाच कॅमेरा काढला, त्याची किंमत मात्र ऐकू नका. आणि आपल्या चांद्रयान-२ वरचा एक कॅमेराही बिनरंगीच आहे. शंभर किलोमीटर उंचीवरून चंद्रावरचा पाव मीटरचा, म्हणजे तुमच्या पट्टीपेक्षाही लहान तुकडा तो वेगळा ओळखू शकतो. तिथे रंगापेक्षा बारकावा महत्त्वाचा.

तुमच्या डोळ्यांतही दोन्ही प्रकार आहेत. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी साधारण ६० लाख, आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी. दंडपेशींना रंग कळत नाहीत. म्हणून चांदण्यात गच्चीवर वाळत घातलेला लाल फ्रॉक करडाच दिसतो. आज रात्री बघा.

हा झाला फायदा. तोटाही तेवढाच मोठा आहे. रंगीत फोटो घरी येऊन काळा-पांढरा करता येतो, आणि तेव्हा 'आकाश जरा गडद करू, पानं जरा उजळ करू' असे खेळही करता येतात. मोनोक्रोममध्ये ते आधीच ठरवावं लागतं. आकाश गडद हवं तर भिंगावर पिवळी, नारिंगी किंवा लाल काच लावायची. (जिलेटिनचा लाल कागद डोळ्यांपुढे धरून जास्वंदीचं झाड बघा. पानं काळवंडतील आणि फूल उजळेल!) काच लावायला विसरलात तर विसरलात. आणि वाटी एकदा प्रकाशाने भरून वाहिली की तिथे नुसता कोरा पांढरा ठिपका. रंगीत कॅमेऱ्यात तीन रंगांपैकी एखाद्याची वाटी न भरता राहिलेली असते, तिच्यावरून थोडं सावरता येतं. इथे तेही नाही.

मग मी ठरवलं, आधी परीक्षा घ्यायची. कॅमेऱ्याची नाही, माझी! डिसेंबरचा अख्खा महिना माझाच कॅमेरा काळ्या-पांढऱ्यावर लावून ठेवायचा. त्यातही पळवाट असते. कॅमेरा पडद्यावर फोटो काळा-पांढरा दाखवतो, पण 'रॉ' नावाच्या कच्च्या फाइलमध्ये रंग गुपचूप जपून ठेवतो. मी ती कच्ची फाइल बंदच केली. रंग गेला म्हणजे गेला.

पहिले आठ दिवस मजेत गेले. सकाळच्या धुक्यातली प्रार्थना, शेकोटीशी बसलेले शिपाईकाका, खिचडी वाढणाऱ्या मावशींचे हात. असे फोटो मला रंगीत कॅमेऱ्याने इतक्या वर्षांत जमले नव्हते. रंग नाही म्हटल्यावर मी उजेड कुठून येतोय ते बघायला लागले. जास्वंदीचा फोटो मात्र साफ पडला. फूल आणि पानं एकाच करड्या रंगात बुडाली. मी म्हटलं, असू दे, फुलं नाही काढणार.

मग आल्या क्रीडास्पर्धा.

आमच्या शाळेत चार गट आहेत: लाल, हिरवा, पिवळा, निळा. मनगटाला त्या त्या रंगाची फीत. सोमवारी मी रिले शर्यतीचे फोटो छापून फळ्याशेजारी लावले आणि वर्गात गलका झाला. "बाई, यात हिरवा गट कुठला?" "हा बघ ना!" "अरे, तो लाल आहे!" दोन्ही फिती फोटोत हुबेहूब एकसारख्या करड्या झाल्या होत्या. मी मनात म्हटलं, झालं, हा कॅमेरा शाळेच्या काही कामाचा नाही.

तेवढ्यात चौथीतला एक मुलगा, एरवी फारसा न बोलणारा, मोठ्याने हसला आणि म्हणाला, "आता सगळ्यांनाच माझ्यासारखं झालं!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मीसुद्धा.

मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून विचारलं, तेव्हा कळलं. लाल आणि हिरव्या फितीतला फरक त्याला चटकन ओळखूच येत नाही. मग मला मागच्या वर्षीची रिले आठवली. तेव्हा तो तिसरीत होता. पळत पळत आला आणि हातातली दांडी सरळ दुसऱ्याच गटातल्या मोठ्या मुलाला देऊन मोकळा झाला. सगळी शाळा हसली. त्याच्या गटातल्या मुलांनी आठवडाभर त्याला 'वेंधळा' म्हटलं. आणि दोस्तांनो, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मीही हसले होते.

त्याच्या आई-वडिलांना विचारूनच हे लिहिते आहे. त्यांनाही कल्पना नव्हती. पोरगा चित्रात झाडाचं खोड हिरवं रंगवतो, तो अवखळपणा आहे असं ते समजत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला ठिपक्यांच्या चित्रांत लपलेले आकडे वाचायला दिले. जपानमधल्या शिनोबू इशिहारा या डॉक्टरांनी १९१७ मध्ये काढलेली ही चाचणी आजही वापरतात. काही आकडे त्याला दिसलेच नाहीत. हा दोष बहुतेक वेळा जन्मापासूनच असतो, मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त आढळतो, आणि त्याने नजर अधू होत नाही. पालकहो, तुमचं मूल रंगांत वारंवार घोटाळा करत असेल तर रागावण्याआधी एकदा तपासून घ्या. शिक्षकांनाही सांगा. आम्हाला आपणहून कळतंच असं नाही, हे तुम्ही पाहिलंच.

फितींचं काय करायचं? नव्या फिती आणायला पैसे मागावे लागले असते. पिवळ्या-निळ्याचा प्रश्न नव्हताच. खिचडीच्या मावशींनी तोडगा काढला. हिरव्या फितींवर मधोमध पांढऱ्या लेसची एक पट्टी शिवून टाकली. मी लाल आणि हिरवी फीत टेबलावर शेजारी ठेवून कॅमेऱ्यात काळ्या-पांढऱ्यात बघितली. आता फरक लख्ख दिसत होता. मग वर्गातले तक्ते बघितले, नकाशा बघितला, बरोबर-चूक दाखवायची माझी लाल-हिरवी पेनंसुद्धा बघितली. पेनांपैकी एक बदललं.

राहता राहिला भावाचा प्रश्न. नाताळच्या सुट्टीत त्याचा कॅमेरा दोन दिवस मागून आणला, वडिलांची लेन्स लावली आणि संध्याकाळी देवघरात दिवा लावणाऱ्या आईचा फोटो काढला. फक्त निरांजनाचा उजेड. आईच्या हातावरची प्रत्येक सुरकुती त्यात आहे. फोटो बघून ती म्हणाली, "हा ह्यांनी काढल्यासारखा वाटतो." त्यानंतर तो कॅमेरा परत द्यायला जिवावर आलं, हे कबूल करते.

पण जूनमध्ये पहिलीची मुलं नवी दप्तरं, नवे रेनकोट घालून दारात उभी राहतील. त्यातल्या कोणाच्या तरी आईने पै पै साठवून गुलाबीच रेनकोट घेतलेला असेल. तो फोटो मला करडा द्यायचा नाही. अदलाबदल केली तर रंगाकडे परतायची वाट माझ्याकडे उरत नाही. भावाला तसं कळवलं. तो म्हणाला, "विकायचा झाला तर आधी तुलाच विचारेन." मी पोस्टात एक छोटं आवर्ती खातं उघडलं आहे. बघू.

तोपर्यंत माझा कॅमेरा दर शनिवारी काळ्या-पांढऱ्यावर असतो. सव्वीस जानेवारीला रिले पुन्हा झाली. आमचा गडी दुसऱ्या फेरीत होता. दांडी अगदी बरोबर हातात दिली. हिरवा गट तिसरा आला.