थॉमसची जागा

ईस्टरची रोषणाई उतरली, वेदीवरच्या लिलीच्या पाकळ्या कडेने तपकिरी होऊ लागल्या, सणाला आलेली मुले नोकरीच्या गावी परतली आणि आज मिस्सेला मागचे बाक पुन्हा मोकळे दिसले. वर्ष कोणतेही असो, नेमक्या याच रविवारी योहानच्या शुभवर्तमानातला तोच उतारा आपल्या कानी पडतो. शिष्य दारे लावून बसले आहेत, पुनरुत्थित प्रभू त्यांना भेटतो, आणि थॉमस तेवढा तेथे नाही. आनंदाचा गजर ओसरतो न ओसरतो तोच ख्रिस्तसभा आपल्यापुढे संशय आणून ठेवते, यात फार मोठी समज आहे.

थॉमसवर ‘संशयी’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. बेथानीकडे जाण्यात जिवाला धोका असताना, प्रभूबरोबर आपणही मरायला जाऊ असे सोबत्यांना म्हणणारा हाच थॉमस, हे मात्र विसरतो. ज्याने एवढा जीव लावला, त्याला ऐकीव सांत्वन कसे पुरावे? जखमांत बोट घातल्याखेरीज विश्वास ठेवणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. तरीही आठ दिवसांनी तो त्या दहा जणांमध्येच होता. त्याला कोणी बाहेर काढले नव्हते आणि तोही उठून गेला नव्हता. विश्वास आणि संशय यांनी त्या आठवड्यात एकमेकांची सोबत सोडली नाही. प्रभू आला तो शांतीचा आशीर्वाद घेऊन, आणि त्याने जखमा पुढे केल्या.

त्या जखमा आपल्या वेदीजवळही आहेत. पास्काची नवी मेणबत्ती जवळून पाहावी. मेणावर चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात आणि क्रुसावर धुपाचे पाच खडे खोचलेले असतात, प्रभूच्या पाच जखमांची खूण म्हणून. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची मेणबत्ती हिच्याच ज्योतीवर लागते आणि शवपेटीपाशीही हीच तेवते.

संशयातून विश्वासाकडे जाणारी ही वाट आपल्या मराठी ख्रिस्ती घराण्याने जवळून पाहिली आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली वर्षे विरहाची, सोवळ्याची आणि प्रश्नांची होती. लक्ष्मीबाईंची श्रद्धा पतीच्या मागोमाग फरफटत आली नाही. स्वतःच्या पायांनी चालत आली, म्हणूनच ती त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात इतकी खरी वाटते. मराठी घराण्याबाहेरही हेच दिसते. मदर तेरेसांची पत्रे 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या अंतरातला दीर्घ अंधार जगाला कळला. सेवा मात्र त्या अंधारातही चालूच होती.

इस्पितळाच्या खाटेशी रोझरीचे मणी ओढताना, ‘कोणी ऐकतंय का?’ असे मनात म्हणणारी आई आपल्याच धर्मग्रामात आहे. दृढीकरणाच्या वर्गात अडचणीचा प्रश्न विचारणारा मुलगाही आपलाच आहे. त्याला ‘जास्त शहाणपणा नको’ म्हणून गप्प बसवले, तर तो गप्प बसेल आणि पुढच्या वर्षी दिसणार नाही. तेव्हा या आठवड्यात ज्यांची जागा बाकावर मोकळी दिसते, त्यांच्या घरी आपण जाऊ या. का आला नाहीत, असे न विचारता त्यांच्याजवळ बसू या, आणि पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी आपल्या शेजारी जागा धरून ठेवू या.